विचारांचे बीजगणित

अकोल्याहून उत्तरेकडे अकोटच्या वाटेने निघाले म्हणजे काळ्याभोर शेतांच्या पलीकडे सातपुड्याची निळसर रांग हळूहळू दिसू लागते. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी ह्याच वऱ्हाडच्या खोऱ्यात कोनमापक यंत्रे, दुर्बिणी व साखळ्या घेऊन मोजणीदारांचा एक तांडा फिरत होता. हिंदुस्थानच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे प्रमुख विल्यम लॅम्ब्टन हे १८२३ च्या जानेवारीत हिंगणघाट येथे मरण पावले आणि त्यांचे अपुरे कार्य त्यांचे साहाय्यक जॉर्ज एव्हरेस्ट यांनी पुढे चालविले. दक्षिणेतील दामरगिड्यापासून उत्तरेतील कल्याणपूरपर्यंत त्यांनी पृथ्वीच्या पृष्ठाचा जो कंस मोजला, त्याच्या जवळजवळ मध्यावरचे ठाणे वऱ्हाडातील टाकळखेडा हे होते. पुढे १८६५ मध्ये हिमालयाच्या सर्वोच्च शिखराला ह्याच एव्हरेस्ट यांचे नाव देण्यात आले.

ह्या एव्हरेस्ट यांची मेरी नावाची एक पुतणी होती. तिचा विवाह ज्या पुरुषाशी झाला, त्याने वऱ्हाड कधी पाहिले नाही. तथापि आज वऱ्हाडातील घराघरांत त्याच्या बुद्धीचे कार्य अहोरात्र चालू आहे. आपल्या हातातील भ्रमणध्वनी, बँकेतील संगणक, किंबहुना साधे इलेक्ट्रॉनिक घड्याळदेखील ज्या गणितावर चालते, ते गणित त्याने निर्माण केले. त्या थोर पुरुषाचे नाव जॉर्ज बूल.

जॉर्ज बूल याचा जन्म इंग्लंडमधील लिंकन ह्या गावी २ नोव्हेंबर १८१५ रोजी झाला. त्याचे वडील जॉन बूल हे जोडे शिवण्याचा व्यवसाय करीत. परंतु त्यांचे मन जोड्यांपेक्षा भिंगांत व दुर्बिणींत अधिक रमे. दिवसा हाती आरी आणि रात्री हाती भिंग, असा त्यांचा क्रम असे. साहजिकच व्यवसायाची भरभराट झाली नाही. घरात द्रव्याची सदैव चणचण राहिली. मात्र ज्या घरी धनाची उणीव होती, त्या घरी ज्ञानाची आवड विपुल होती, आणि थोरला मुलगा म्हणून जॉर्जला वडिलांकडून वारसा मिळाला तो ह्या आवडीचाच. गणिताचे व यंत्रांचे पहिले पाठ त्याने त्यांच्याजवळ घेतले.

मोठ्या विद्यालयात जाण्याची ऐपत नसल्यामुळे जॉर्जचे शिक्षण गावातील सामान्य शाळांत झाले. लॅटिन भाषा शिकण्याची त्याला उत्कंठा होती. वडिलांच्या परिचयाच्या एका पुस्तकविक्रेत्याने ती त्याला शिकविली. मग ग्रीक भाषा त्याने केवळ पुस्तकांच्या साहाय्याने आत्मसात केली. तो चौदा वर्षांचा असताना त्याने एका ग्रीक कवितेचा केलेला पद्यानुवाद गावच्या वृत्तपत्रात प्रसिद्ध झाला. तो वाचून एका शिक्षकाने अशी शंका जाहीरपणे प्रकट केली, की इतक्या लहान मुलाच्या हातून असे भाषांतर होणेच शक्य नाही. ज्याला ज्ञान मिळविण्यासाठी गुरू लाभला नाही, त्याला ते मिळविल्यावर असा आरोप सोसावा लागला!

लवकरच वडिलांचा व्यवसाय पार बसला आणि सोळाव्या वर्षी, १८३१ मध्ये, जॉर्जवर कुटुंबाचा भार पडला. डॉनकॅस्टर येथील एका शाळेत त्याने साहाय्यक शिक्षकाची नोकरी धरली. दिवसभर अध्यापन आणि रात्री अध्ययन असा त्याचा दिनक्रम सुरू झाला. उच्च गणिताकडे तो वळला ह्याच काळात, आणि त्याचे एक कारण मोठे मार्मिक आहे. पुस्तकांसाठी त्याच्याजवळ पैसे अगदी थोडे असत. अन्य विषयांचे पुस्तक काही दिवसांत वाचून संपे. परंतु गणिताचा ग्रंथ समजून घेण्यास महिनेच्या महिने लागत. म्हणजे तेवढ्याच पैशांत तो ग्रंथ अधिक दिवस पुरे! लाक्र्वा, लाग्रांज, लाप्लास ह्या फ्रेंच गणितज्ञांचे कठीण ग्रंथ त्याने कोणाच्याही मार्गदर्शनावाचून वाचून काढले. गरिबीने लावलेली ही काटकसरीची सवय पुढे त्याच्या गणितातही उतरली, असेच म्हणावे लागेल.

एकोणिसाव्या वर्षी, १८३४ मध्ये, बूल यांनी लिंकन येथे स्वतःची शाळा काढली. आईवडील व भावंडे यांचा योगक्षेम तिच्यावरच चाले. गावात कारागिरांच्या शिक्षणासाठी नुकतीच एक संस्था निघाली होती; तिच्या ग्रंथालयाचा त्यांना मोठा आधार झाला. ह्या संस्थेचे ऋणही त्यांनी फेडले. दुकानांतून पहाटेपासून रात्रीपर्यंत राबणाऱ्या नोकरांना थोडी तरी उसंत मिळावी, ह्यासाठी चाललेल्या चळवळीत त्यांनी पुढाकार घेतला आणि फावल्या वेळाचा सदुपयोग कसा करावा, ह्या विषयावर व्याख्यानही दिले. वेळ हेही एक धन आहे व ते गरिबालाही मिळाले पाहिजे, अशी त्यांची श्रद्धा होती.

शाळा सांभाळून बूल यांनी गणितात संशोधन आरंभिले. केंब्रिज येथून निघणाऱ्या गणितविषयक नियतकालिकात त्यांचे निबंध येऊ लागले. त्याचे संपादक डंकन ग्रेगरी यांना ह्या अपरिचित शिक्षकाच्या बुद्धीची पारख झाली. केंब्रिजला जाऊन रीतसर पदवी घ्यावी, असे बूल यांच्याही मनात येऊन गेले. परंतु विद्यार्थी झाल्यावर शाळा बंद पडणार आणि शाळा बंद पडली म्हणजे वृद्ध मातापित्यांनी खावे काय? बूल यांनी पदवीचा विचार सोडून दिला. संशोधन मात्र सोडले नाही. १८४४ मध्ये त्यांच्या एका निबंधाबद्दल लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले. ज्याने महाविद्यालयाची पायरी चढली नव्हती, त्याचा हा गौरव होता.

ह्यानंतर तीन वर्षांनी त्यांच्या आयुष्यातील मुख्य कार्याला आरंभ झाला. तर्कशास्त्राच्या एका प्रश्नावरून त्या वेळी ऑगस्टस डी मॉर्गन व सर विल्यम हॅमिल्टन ह्या दोन विद्वानांत वाद जुंपला होता. ह्यांपैकी डी मॉर्गन यांचा जन्म आपल्याच देशात, मदुराई येथे, १८०६ मध्ये झालेला. हा वाद वाचून बूल यांच्या मनात पूर्वीच घोळत असलेल्या एका कल्पनेने उचल घेतली. आपण संख्यांची बेरीज-गुणाकार करतो, त्याचप्रमाणे विचारांची करता येणार नाही काय? १८४७ मध्ये त्यांनी ह्या कल्पनेवर एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले.

ती कल्पना समजण्यास आपण गुरांच्या बाजारात जाऊ. बाजारातील सर्व पांढऱ्या जनावरांना क म्हणू आणि सर्व बैलांना ख म्हणू. आता आधी पांढरी जनावरे वेगळी काढली आणि त्यांतून बैल निवडले, तर जे उरतील ते पांढरे बैल. त्यांना कख असे लिहू. आधी बैल निवडून त्यांतून पांढरे वेगळे काढले, तरी तेच बैल हाती येतात. म्हणून कख आणि खक सारखेच. येथपर्यंत संख्यांच्या गुणाकाराहून काही निराळे नाही. पण पांढऱ्या जनावरांतून पुन्हा पांढरी जनावरे निवडली तर? तीच जनावरे राहतील. म्हणजे क ला क ने गुणले, तरी उत्तर क च. संख्यांमध्ये हा नियम पाळणाऱ्या संख्या दोनच आहेत. एक शून्य आणि दुसरी एक. म्हणून बूल यांच्या बीजगणितात शून्य म्हणजे काहीच नाही आणि एक म्हणजे सर्व काही, असा अर्थ झाला. एकातून क वजा केला म्हणजे पांढरी नसलेली जनावरे मिळतात. आणि एकच जनावर एकाच वेळी पांढरेही असेल व पांढरे नसेलही, हे अशक्य, म्हणून ह्या दोहोंचा गुणाकार शून्य. ॲरिस्टॉटलच्या काळापासून पंडित जो सिद्धान्त शब्दांनी मांडीत आले होते, तो असा एका ओळीच्या समीकरणात बसला.

ह्या बीजगणिताचा मोठा गुण हा, की लांबलचक विधानातील अनावश्यक भाग त्याच्या नियमांनी आपोआप गळून पडतो आणि अर्थाला बाध न येता थोडके विधान शिल्लक राहते. ज्या घरी प्रत्येक पैसा दोनदा मोजला जाई, त्या घरच्या मुलाने विचारातील उधळपट्टी थांबविण्याचे हे शास्त्र रचले.

१८४९ मध्ये आयर्लंडमधील कॉर्क येथे नव्याने स्थापन झालेल्या क्वीन्स कॉलेजात बूल यांची गणिताचे पहिले प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. स्वतःला पदवी नसलेला माणूस पदवीच्या विद्यार्थ्यांचा गुरू झाला! दुर्दैवाने हा दिवस पाहण्यास त्यांचे वडील उरले नव्हते. आदल्याच वर्षी त्यांचे निधन झाले होते. कॉर्क येथे बूल यांनी आपली कल्पना विस्ताराने मांडणारा ग्रंथ सिद्ध केला व तो १८५४ मध्ये प्रसिद्ध झाला. विचाराचे नियम हा त्याचा विषय होता. तेथेच त्यांची ओळख मेरी एव्हरेस्ट हिच्याशी झाली. कॉलेजातील ग्रीकचे प्राध्यापक तिचे मामा होते. मेरीला गणिताची विलक्षण गोडी होती. बूल यांनी तिला काही काळ गणित शिकविले आणि १८५५ मध्ये दोघांचा विवाह झाला. त्यांना पाच मुली झाल्या. त्यांपैकी ॲलिसियाने पुढे चतुर्मितीय भूमितीत संशोधन केले, ल्युसी रसायनशास्त्रज्ञ झाली, आणि सर्वांत धाकटी एथेल हिने कादंबरीकार म्हणून नाव मिळविले.

१८६४ च्या नोव्हेंबर महिन्याच्या अखेरीची गोष्ट. बूल यांचे बिऱ्हाड गावाबाहेर होते व तेथून कॉलेज सुमारे तीन मैलांवर होते. त्या दिवशी धो धो पाऊस पडत होता. व्याख्यानाची वेळ चुकू नये म्हणून बूल तशा पावसात पायी निघाले, चिंब भिजून वर्गात पोहोचले आणि ओल्या कपड्यांनिशीच त्यांनी व्याख्यान दिले. घरी आल्यावर त्यांना ताप भरला. फुफ्फुसांचा दाह झाला. आणि ८ डिसेंबर १८६४ रोजी, अवघ्या एकोणपन्नासाव्या वर्षी, त्यांची जीवनज्योत मालवली. त्या वेळी धाकटी एथेल अवघ्या काही महिन्यांची होती. पदरी पाच मुली आणि जवळ संपत्ती नाही, अशा स्थितीत मेरीने लंडनला जाऊन नोकरी पत्करली, मुलींना वाढविले आणि मुलांना गणित हसतखेळत कसे शिकवावे, ह्यावर स्वतः पुस्तकेही लिहिली.

बूल गेले, त्या वेळी त्यांच्या तार्किक बीजगणिताचा व्यवहारात काय उपयोग, असे कोणी विचारले असते, तर त्यास उत्तर नव्हते. विजेचा दिवासुद्धा अद्याप घरोघरी आलेला नव्हता. जेव्हन्स आदी पंडितांनी त्यात सुधारणा करून त्याला आजचे सुटसुटीत रूप दिले. तरीही ते पुष्कळ काळ तर्कशास्त्राच्या वर्गापुरतेच राहिले. अखेर १९३७ मध्ये अमेरिकेतील क्लॉड शॅनन नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याच्या लक्षात एक गोष्ट आली. विजेचा स्विच एक तर चालू असतो किंवा बंद असतो, आणि बूल यांच्या बीजगणितातही एक व शून्य ह्या दोनच संख्या आहेत. एकापुढे एक जोडलेले दोन स्विच दोन्ही चालू असतील, तरच वीज वाहते. हे झाले 'आणि'. शेजारी शेजारी जोडलेल्या स्विचांपैकी एक चालू असला तरी पुरे. हे झाले 'किंवा'. म्हणजे ज्या नियमांनी विधाने संक्षिप्त होतात, त्याच नियमांनी विजेचे परिपथही संक्षिप्त करता येतील! शॅनन यांचा हा प्रबंध १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि आधुनिक संगणकाचा पाया घातला गेला.

हा संक्षेप कसा साधतो, ते आपल्या शेतातील एका उदाहरणावरून पाहू. पाण्याचा पंप आपोआप चालू व्हावा, असे एका शेतकऱ्याला वाटते. त्याची अट अशी : विहिरीत पाणी असेल आणि टाकी रिकामी असेल तर पंप चालावा, किंवा विहिरीत पाणी असेल आणि पिकाला पाणी हवे असेल तर पंप चालावा. ही अट जशीच्या तशी परिपथात उतरविली, तर 'आणि' ची दोन तर्कद्वारे व 'किंवा' चे एक, अशी तीन द्वारे लागतात. परंतु नीट विचार केला म्हणजे दिसते, की विहिरीची अट आपण उगीच दोनदा सांगितली. विहिरीत पाणी असेल आणि टाकी रिकामी किंवा पीक तहानलेले असेल, एवढे म्हटले की झाले. बीजगणितात कख अधिक कग ह्यांतून सामाईक क बाहेर काढतात, तोच हा नियम! आता द्वारे दोनच लागली. प्रचलित पद्धतीत अशा प्रत्येक द्वाराला सहा ट्रान्झिस्टर लागतात. म्हणजे अठरांचे काम बारांत झाले. डी मॉर्गन यांनी एक नियम सांगितला आहे. टाकी रिकामी किंवा पीक तहानलेले, हे दोन्ही खोटे असणे आणि टाकी भरलेली व पीक तृप्त असणे, ह्यांचा अर्थ एकच. ह्या नियमाच्या आधारे तोच परिपथ चार-चार ट्रान्झिस्टरांच्या नकारार्थी द्वारांनी बांधला, तर दहा ट्रान्झिस्टरही पुरतात. पंप पूर्वीप्रमाणेच चालतो. कामात तिळमात्र फरक पडत नाही.

दहा काय नि अठरा काय, असे एखाद्यास वाटेल. पण आज नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यावर, ज्याला आपण चिप म्हणतो, अब्जावधी ट्रान्झिस्टर बसविलेले असतात. त्यांतील प्रत्येक अनावश्यक ट्रान्झिस्टर जागा अडवितो. चिप जितकी लहान, तितक्या अधिक चिपा सिलिकॉनच्या एका चकतीतून निघतात आणि चकतीतील बारीकसारीक दोषांमुळे वाया जाणाऱ्या चिपाही कमी होतात. शिवाय द्वाराची स्थिती शून्यातून एकावर व पुन्हा शून्यावर जाते, तेव्हा दर वेळी थोडी वीज खर्च होते व उष्णता उत्पन्न होते. हे खर्च एकेकटे नगण्य असले, तरी त्यांची बेरीज मोठी भरते; विजेरी लवकर उतरते व उपकरण तापते. म्हणून कुशल अभियंता द्वारे कमी करतो; इतकेच नव्हे, तर चिपेचा जो भाग रिकामा बसला असेल, त्याच्याकडे जाणाऱ्या स्पंदांना 'आणि' च्या द्वारावर शून्याने अडवून तो भाग शांत ठेवतो. शून्याने गुणले म्हणजे शून्यच उरते, हा बूल यांचा नियम येथे वीज वाचवितो. अर्थात द्वारे कमी करताना वेग मंदावणार नाही, हेही पाहावे लागते. जागा, वीज आणि वेग ह्या तिहींचा मेळ घालण्यातच अभियंत्याचे कौशल्य आहे. १९५३ मध्ये मॉरिस कार्नॉ यांनी हा संक्षेप चौकटींच्या तक्त्यावर डोळ्यांनी पाहून करण्याची रीत दाखविली. अभियांत्रिकीचे विद्यार्थी आरंभी ती हाताने गिरवितात. मोठ्या चिपांसाठी हे काम आता संगणकच करतो; म्हणजे बूल यांच्या नियमांवर चालणारे यंत्र त्याच नियमांनी पुढची यंत्रे घडविते.

एव्हरेस्ट यांनी वऱ्हाडच्या माळावर उभे राहून पृथ्वी मोजली. त्यांच्या पुतणीच्या पतीने वर्गातील फळ्यापुढे उभे राहून विचार मोजला. त्या मोजणीचे फळ काय, हे त्याला दिसले नाही, आणि फळ दिसावे म्हणून त्याने ती केलीही नव्हती. पदवी नसताना विद्या, द्रव्य नसताना दातृत्व आणि कीर्तीची खात्री नसताना सत्याचा शोध, ह्या त्याच्या जीवनातील तीन गोष्टी आपण ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. अनावश्यक ते सारे वगळावे, हे त्याने जगाला शिकविले. परंतु विद्यार्थ्यांपुढे वेळेवर उभे राहणे हे मात्र त्याने कधीच अनावश्यक मानले नाही. त्यासाठी त्याने स्वतःला जपले नाही. शून्य आणि एक ह्या दोन अंकांत विचार सामावणाऱ्या ह्या शिक्षकाच्या जीवनाचा हिशेब मात्र कोणत्याही अंकांत मावण्याजोगा नाही.